नखावरचा नारिंगी

पेंटरचं घर आणि पेंटरची नोकरी यांच्यामध्ये एकोणीस पायऱ्या होत्या. वर दोन खोल्या, खाली बालवाडी. सकाळी चहा घ्यायचा, कप विसळायचा, जिना उतरायचा, की कामावर हजर. संध्याकाळी जिना चढला की घरी. मधे ना रस्ता, ना चौक, ना कुणाशी हुज्जत. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या बुटांचे तळ अजून कोरे होते. बालवाडीत अनवाणी वावरायचा नियम होता आणि बाहेर जायचं तर काहीतरी कारण लागतं.

लोक म्हणत, नशीबवान माणूस आहे. डोक्यावर छप्पर, हाताशी काम, वर मेहुणीचा आधार! पेंटर मान डोलवायचा. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, आणि पंचाईत नेमकी हीच होती. वाईट वागणाऱ्या माणसाला चार शब्द सुनावून दार आपटून निघून जाता येतं. चांगल्या माणसाच्या घरातून कसं निघायचं, हे पेंटरला कुणी शिकवलं नव्हतं.

हा माणूस एके काळी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आणि नुसत्या रंगवायचा नाही, रंग जुळवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. गिऱ्हाईक विटक्या कापडाचा तुकडा घेऊन यायचं आणि म्हणायचं, अगदी हाच रंग हवा. पेंटरकडे चारच डबे असायचे: लाल, पिवळा, निळा, पांढरा. त्यातून तो थेंबाथेंबाने रंग बनवायचा, ब्रशच्या टोकाने डाव्या अंगठ्याच्या नखावर लावायचा, उन्हात उभा राहून नख कापडावर धरायचा आणि वाट बघायचा. ओला रंग फसवतो, वाळल्याशिवाय बोलायचं नाही, अशी त्याच्या वस्तादाची शिकवण होती. वाळलेलं नख कापडावर दिसेनासं झालं, म्हणजे रंग जुळला.

मग छापील फ्लेक्स आले. दोन वर्षांत सगळ्या बाजारातल्या पाट्या उतरल्या. पेंटर घरी बसला, मग आजारी पडला, मग बरा होऊन पुन्हा घरी बसला. तेव्हा बायकोची मोठी बहीण रिक्षा घेऊन दारात आली. तिला सगळे ताई म्हणत, पेंटरही म्हणायचा. ताईंनी काही विचारलं नाही, काही सुनावलं नाही. ‘‘भाऊजी, वरच्या खोल्या रिकाम्याच आहेत, आणि मला चित्रकलेला माणूस हवाच आहे,’’ एवढंच म्हणाल्या आणि पिशव्या उचलायला लागल्या. त्याला आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत ताईंनी आपल्या उपकारांचा चुकूनही उच्चार केला नव्हता. केला असता तर बरं झालं असतं, असं पेंटरला कधीकधी वाटायचं. निदान रागवायला जागा मिळाली असती.

ताईंची बालवाडी म्हणजे शिस्तीचा कारखाना. चार-पाच वर्षांची बावीस पोरं, बावीस पाट, बावीस रुमाल. चित्रकलेसाठी ताईंनी स्वतः बसून एक वही तयार केली होती. एका पानावर एक चित्र, एका चित्राला एक रंग. टोमॅटो लाल, पान हिरवं, गाजर नारिंगी. बारा रंगांच्या बारा बाटल्या, प्रत्येक बाटलीचा ब्रश वेगळा, आणि चूक होऊ नये म्हणून ब्रशच्या दांडीला त्याच रंगाची चिकटपट्टी. रंगात रंग जाऊ द्यायचा नाही, हा पहिला आणि शेवटचा नियम. यामागे इतिहास होता. पहिल्या वर्षी पेंटरने हौसेने पोरांना रंग कालवायला दिले होते. अर्ध्या तासात बारा रंगांचा मिळून एकच तपकिरी चिखल झाला. तो पाटावर, फरशीवर, शर्टांवर, एकाच्या तर कानातसुद्धा गेला. पालक भडकले, ताईंनी सगळं निस्तरलं आणि ही वही आली.

तेव्हापासून पेंटर तयार नारिंगी ओतत होता. चार डब्यांतून शंभर छटा काढणारा माणूस बाटल्यांची झाकणं उघडायचा आणि लावायचा.

त्याचे ते चार डबे मात्र वर पलंगाखाली होते. तेलरंगाचे, घट्ट झाकणांचे. दर महिन्याला तो ते उलटे करून ठेवायचा, म्हणजे रंग तळाशी बसून दगड होत नाही. बायको म्हणायची, ‘‘अहो, कशाला जपताय? कुणाला रंगवायचंय?’’ तो म्हणायचा, ‘‘असू दे गं, खायला मागतायत का?’’

आणि एका सोमवारी बुटक्याचा फोन आला.

बुटक्या म्हणजे वस्तादाकडे पेंटरच्या बरोबरीने शिकलेला गडी. उंचीमुळे त्याला शिडीची वरची पायरी कायम लागायची, जीभ मात्र सगळ्यांत लांब. ‘‘ऐक,’’ तो म्हणाला. ‘‘काम मिळालंय. परगावी एक जुनी बाजारपेठ आहे, साठ दुकानं. मालकांना सगळ्या पाट्या पूर्वीसारख्या हव्यात, हाताने रंगवलेल्या. जुन्या फळ्या खरवडून खालचा रंग शोधायचा आणि तोच नव्याने बनवायचा. अक्षरं मी काढीन. रंग माझ्याच्याने जुळत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. चार महिने तरी जातील, मग पुढचा बाजार बोलावतोच आहे. शनिवारी सकाळी गाडी आहे. येतोस?’’

पेंटरने फोन दुसऱ्या कानाला लावला. ‘‘सांगतो,’’ तो म्हणाला.

‘‘सांगतो काय? बायकोला विचारायचंय?’’

‘‘तिला नाही रे.’’

खरंच, बायकोचा प्रश्न नव्हता. मुलगी शिकायला वसतिगृहात होती, तिचंही मार्गी लागलं होतं. बायकोने सगळं ऐकून घेतलं, भाजी चिरता चिरता म्हणाली, ‘‘मी अडवणार नाही. पण ताईला सांगायचं तुम्ही. ते माझ्यावर ढकलू नका. माझी बहीण आहे ती, माझी जीभ रेटणार नाही.’’

‘‘सांगतो की. त्यात काय आहे?’’ पेंटर म्हणाला, आणि त्या संध्याकाळी पलंगाखालचे चारही डबे काढून, वरची साय बाजूला करून, रंग ढवळून ठेवले. खालचा रंग ताजा होता. लाल तर असा की बघत बसावं.

मंगळवारी तो ताईंच्या ऑफिसच्या दाराशी गेला. त्याने तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, ‘‘बरं झालं आलात, भाऊजी. तुमचा चष्मा बघितला काल, दांडीला दोरा बांधलाय तुम्ही. आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय मी तुमचा.’’ पेंटर आला तसा परतला. बुधवारी तो पुन्हा गेला. ताईंनी खिडकीतून मागची खोली दाखवली. ‘‘ती पसाऱ्याची खोली रिकामी करून घेतेय. तुमच्यासाठी चित्रांचा वेगळा वर्ग. कपाट, नळ, सगळं. बावीस पोरांत तुमची ओढाताण होते, दिसतं मला.’’ यावर माणूस काय बोलणार? ‘‘वा, छान,’’ असं म्हणून पेंटर जिना चढला आणि पाचव्या पायरीवर बसून राहिला. आपण एवढे बावन्न वर्षांचे, आणि शाळेतल्या पोरासारखे बाईंच्या दारातून घाबरून परत येतो, याची त्याला भयंकर लाज वाटली. त्याहून जास्त राग आला, पण तो कुणावर काढायचा ते सुचेना.

गुरुवारी ताई कुठल्याशा बैठकीला गेल्या. जादा बाटल्यांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याबरोबर गेली. आणि वहीत त्या दिवशी गाजराचं पान होतं.

‘‘सर, नारिंगी संपला,’’ आजीबाई म्हणाली. हे तिचं वर्गातलं नाव. वय साडेचार, पण बोलणं असं की सगळ्या बालवाडीचा संसार तिच्याच जिवावर चाललाय. तिने बाटली उलटी करून दाखवली. ‘‘आता गाजर कसं करायचं?’’

‘‘नारिंगी येतो कुठून?’’ पेंटरने सहज विचारलं.

‘‘बाटलीतून!’’ बावीस तोंडं एका सुरात म्हणाली.

‘‘आणि बाटलीत कुठून येतो?’’

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. आजीबाईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘‘ताई देतात.’’

पेंटर हसायला गेला, पण हसू आलं नाही. आठ वर्षांत किती पोरं त्याच्या हाताखालून गेली होती, आणि त्या प्रत्येकाला त्याने हेच शिकवून पाठवलं होतं. रंग बाटलीतून येतो आणि बाटली ताई देतात. वस्ताद असता तर त्याने कानफटात मारली असती, आणि योग्य केलं असतं.

त्याने झाकणात लाल आणि पिवळ्या बाटलीतला एकेक थेंब घेतला आणि कालवला. मातकट, मेलेला नारिंगी निघाला. असलं गाजर गाढवानेही खाल्लं नसतं. ‘‘हा काय रंग झाला? खडूचं पाणी नुसतं,’’ तो पुटपुटला. आणि मग पेंटरचं डोकं फिरलं म्हणा किंवा पहिल्यांदा ताळ्यावर आलं म्हणा, तो दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेला आणि पलंगाखालचे डबे घेऊन खाली आला.

‘‘अंगठे वर!’’

चव्वेचाळीस अंगठे वर झाले. चव्वेचाळीस नव्हे, त्रेचाळीस. एक पोरगा अंगठा चोखायचा, त्याचा एक तोंडात होता. त्याला पेंटरने करंगळी पुढे करायला लावली, कारण तेवढी अक्कल शिल्लक होती. मग ब्रशच्या टोकाने त्याने प्रत्येकाच्या डाव्या नखावर लाल ठिपका दिला, उजव्या नखावर पिवळा. ‘‘आता नखावर नख घासा. हळू. भांडायचं नाही, नुसतं घासायचं.’’

बावीस डोकी नखांवर वाकली. मग कोपऱ्यातून कुणीतरी किंचाळलं, ‘‘आला!’’

‘‘काय आला?’’

‘‘नारिंगी! माझ्या नखातून नारिंगी आला!’’

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. आपापली नखं एकमेकांच्या नाकाखाली धरून पोरं नाचत होती. आजीबाईने आपलं नख खिडकीपाशी उजेडात नेऊन पाहिलं, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते बघून पेंटरला भरून आलं. मग त्याने जोड्या लावल्या. एकाच्या बोटावर निळा, दुसऱ्याच्या बोटावर पिवळा. दोघांनी नखं जुळवली की मधे हिरवा. ‘‘हा कुणाचा?’’ एकाने विचारलं. ‘‘दोघांचा,’’ पेंटर म्हणाला. ‘‘आणि लक्षात ठेवा, नेहमी पिवळ्यात निळा घालायचा, निळ्यात पिवळा नाही. निळा दांडगट असतो. पिवळा कितीही ओतलात तरी तो खाऊन टाकतो.’’ लालात पांढरा घालून गुलाबी झाला, लाल-निळ्याचा जांभळा झाला. बोटं संपली तेव्हा तास संपला. आठ वर्षांत पहिल्यांदा पेंटरने घड्याळाकडे बघितलं नव्हतं. आपल्याला अजून येतं, हे त्याला कळलं, आणि त्या आनंदात तो एक गोष्ट साफ विसरला. तेलरंग पाण्याने जात नाही.

ते त्याला शुक्रवारी सकाळी आठवलं, फाटकापाशी आरडाओरडा ऐकू आला तेव्हा. वरच्या खिडकीतून त्याने बघितलं. पंधरा-वीस पालक होते. कुणी साबण लावून थकलं होतं, कुणी घासणीने घासलं होतं. एका आईने थिनर लावला होता. तिच्या मुलीच्या बोटाची कातडी लालबुंद झाली होती. ‘‘विषारी असतो हा रंग! कुणी तोंडात घातला असता म्हणजे?’’ ती ओरडत होती. ‘‘कोण आहे तो चित्रकलेचा मास्तर? हाकला त्याला!’’

पोरीचं बोट बघून पेंटर खिडकीतून मागे सरला. आणि त्याच क्षणी त्याला आनंदाची उकळी फुटली. हाकला त्याला! केवढा सोपा रस्ता होता हा! ताईंना काही सांगायलाच नको. त्याच जा म्हणतील, म्हणावंच लागेल त्यांना, वीस पालकांसमोर दुसरा उपायच नव्हता. उद्या सकाळची गाडी समोर उभी असल्यासारखी त्याला दिसली. भाजलेल्या बोटावर आपण खूश होतोय याची त्याला शरम वाटली, अगदी मनापासून वाटली, पण खुशी काही हटेना. त्याने धुतलेला शर्ट घातला, कोरे बूट घातले, लेस बांधल्या आणि सगळ्या पायऱ्या उतरून फाटकाशी गेला.

‘‘मीच तो,’’ तो म्हणाला. ‘‘चूक माझी आहे. माझाच डबा, माझाच ब्रश.’’

पण ताई आधीच तिथे येऊन उभ्या होत्या. त्यांनी पेंटरला हाताने मागे सारलं आणि स्वतः पुढे झाल्या. ‘‘चूक यांची नाही,’’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘‘नारिंगी संपलेला होता आणि कपाटाची किल्ली मी घेऊन गेले होते. हातातलं सामान वापरा, असं मीच त्यांना फोनवर सांगितलं. रंग कोणता ते विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही. जे काही बोलायचंय ते मला बोला.’’

असा कुठलाही फोन झाला नव्हता. तीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवणारी बाई वीस लोकांसमोर पेंटरसाठी धडधडीत खोटं बोलली.

पालकांचा आवाज खाली आला. ताईंनी त्या मुलीचं बोट हातात घेतलं, आत नेऊन मलम लावलं, तिच्या आईची माफी मागितली. नखांवरचा रंग खोबरेल तेल चोळून निघतो, हे पेंटरने खालमानेने सांगितलं. तेवढ्यात आजीबाईचे वडील गर्दीतून म्हणाले, ‘‘रंग जाईल हो. पण आमच्याकडे कालपासून शाळा भरली आहे. पिवळ्यात निळा घालायचा, निळा दांडगट असतो, हे मला नऊ वेळा शिकवून झालंय.’’ दोन-तीन जण हसले. त्यांच्याही घरी तेच चाललं होतं. मग एकेकाने आपापल्या पोराचं ऐकवायला सुरुवात केली, आणि ताईंचा चेहरा उजळत गेला. पेंटर बुटांत पाय आवळून उभा होता. आपल्या डोळ्यांदेखत दार हळूहळू लागतंय, हे त्याला दिसत होतं.

पालक गेल्यावर ताईंनी त्याला ऑफिसात बोलावलं. या वेळी पेंटरने त्यांना आधी बोलू दिलं नाही. उंबऱ्यावरूनच, एका श्वासात त्याने सांगून टाकलं, ‘‘ताई, मला इथून जाऊ द्या.’’

ताईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, ‘‘वेडे आहात का, भाऊजी? एवढ्याशा चुकीसाठी कुणी घर सोडून जातं?’’

‘‘तसं नाही, ताई...’’

‘‘मला कळत नाही का? पहिल्या वर्षी चिखल झाला तेव्हा मी तुम्हाला ती वही दिली. बारा बाटल्या हातात दिल्या. एका कारागिराचे हात मी बांधून ठेवले आणि आठ वर्षं तुम्ही तोंडातून शब्द काढला नाहीत.’’ त्यांनी पदराने डोळे टिपले. ‘‘चूक माझी आहे. आता ती वही बंद. दर गुरुवारी तुमचा नखांचा तास, पोरांना चालेल असा रंग आणू. तुमच्या पद्धतीने, तुमच्या खोलीत. माझ्या मैत्रिणीच्या दोन बालवाड्या आहेत, तिथली पोरंही इथेच आणू. आणि जायचं वगैरे पुन्हा बोलायचं नाही. मी आहे तोवर तुम्हाला इथून कुणी हलवणार नाही.’’

पेंटरला एकच वाक्य बोलायचं होतं. चूक झाली म्हणून नाही, ताई, मला जायचंय म्हणून. शब्द तयार होते, जिभेवर होते. पण समोर ही बाई चष्मा हातात घेऊन रडत होती. आत्ताच त्याच्यासाठी ती जगासमोर खोटं बोलली होती, आणि आठ वर्षांत तिने त्याला न मागता सगळं दिलं होतं. या बाईला आता कोणत्या तोंडाने सांगायचं, की मला यातलं काहीच नकोय?

‘‘बसा ना,’’ ताई म्हणाल्या.

पेंटर बसला. ‘‘बरं, ताई,’’ तो म्हणाला. आणखी काहीतरी म्हणायला हवं म्हणून म्हणाला, ‘‘आभारी आहे.’’

तो वर आला तेव्हा दुपार झाली होती. पलंगावर त्याची जुनी कापडी बॅग उघडी होती. बायकोने त्यात चार शर्ट घड्या करून ठेवले होते, दाढीचं सामान, टॉवेल, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले ब्रश. ते ब्रश तिने कधी धुतले आणि कधी गुंडाळले, त्याला पत्ताही नव्हता. तिने त्याच्या बुटांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

‘‘सांगितलंत?’’

‘‘सांगितलं.’’

‘‘मग? काय म्हणाली ताई?’’

पेंटर पलंगाच्या कडेवर बसला आणि लेस सोडायला लागला. गाठ घट्ट बसली होती, सुटायला वेळ लागला.

‘‘माफ केलं त्यांनी मला,’’ तो म्हणाला.

बायकोने बॅगेतला वरचा शर्ट काढला आणि कपाटात ठेवला. मग दुसरा.